परत येण्याची तारीख

आणि वर ती वेबसाइट मलाच विचारते, 'आपण वैतागलेले दिसता, मदत करू का?' नाही हो! तुम्हाला सांगतो, मी वैतागलो नव्हतो! मी फक्त बटण दाबत होतो. एकवीस वेळा. ते दबतच नाही, यात माझा काय दोष?

आणि काम केवढं? डब्याचं! आमचा इंद्रजितदादा द्रोणागिरीला गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. दुपारी जेवला, छातीत कळ आली आणि गेला. बत्तीस वर्षांचा! डबा राहिला तिथल्या लॉकरात. उद्या दहावा, आणि आई पहिल्या दिवसापासून एकच धरून बसलीय, "आरं, खरकटाच ऱ्हायला आसंल डबा. वास सुटला तर लोक माज्या लेकाला नावं ठिवतील."

मारली बाइक नावड्याहून. गोदामाच्या ऑफिसात बसतो तो सुभाष. "भावा, लॉकर असा नाही उघडत. साइटवर फॉर्म भर, पास येईल." अरे, लॉकर दहा पावलांवर, इथून दिसतोय! पण नाही... फॉर्म!

बरं, फॉर्म. काम सोडण्याचं कारण? पर्याय तीनच : लग्न, दुसरी नोकरी, गावी परत. आता यातलं दादाला कुठलं लावू? दाबलं 'गावी परत'. तर पुढचा प्रश्न, 'परत येण्याची तारीख'. ... काय लिहू? रिकामं ठेवलं तर बटण दबेना. मग दाबतोय, दाबतोय, मागे जातोय, पुढे येतोय, पान वर, पान खाली... तेव्हा आली ती मदतीची चौकट.

सुभाष म्हणतो, "साइटला कळतं रे. एकाच जागी बोट आपटलं, उगाच मागे-पुढे केलं, की ती ओळखते, माणूस कावलाय." वा! नऊ दिवसांत घरी शंभर माणसं येऊन गेली. सगळ्यांचं एकच, "आता तूच मोठा, रडायचं नाही." त्यातल्या एकाला काही कळलं नाही, आणि या गोदामाच्या साइटला कळलं? पण तुम्हाला सांगतो, मी वैतागलो नव्हतो!

लिहिलं मग तिला सगळं. दादाने बाइक शिकवली तिथपासून. विचारलं होतं ना कुणीतरी! उत्तर काय? 'कृपया शंभर अक्षरांत सांगा.' मग लिहिलं, 'दादा वारला. परत येणार नाही. डबा द्या.' त्या मधल्या वाक्याला पाऊण तास लागला. सुभाषने मागून वाचलं, उठून चावी घेऊन आला.

डबा उघडला तर... लख्ख! धुऊन पुसून ठेवलेला. घरी येऊन म्हटलं, "आई, बघ, खरकटा नाही." तिने हुंगला, आतून बोट फिरवलं, आणि मोरीत जाऊन घासायला बसली. एकाच जागी घासतेय... घासतेय...

मीही शेजारी बसलो. दुसरी घासणी घेतली, झाकण ओढलं. तर म्हणते कशी, "कडंनं घास नीट! तुला एक काम धड जमत न्हाई."

घासतोय... कडेनं.