भिंती ताठ धर

फुफ्फुसाच्या तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. नळी बदलता बदलता तपासणीवाल्या बाईंच्या कानावर बाहेरच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक धापा टाकणारे म्हातारे सर आणि आईला घेऊन आलेली त्यांची जुनी विद्यार्थिनी.

"अजून कॉम्प्युटरवर स्फटिकच बघतेस ना?"

"नाही सर. आठवीला विज्ञान शिकवते."

"अरेरे! एवढं डोकं तुझं."

"मी तेव्हाच सांगत होते, हा स्फटिक श्वास घेतो. वायू आत-बाहेर झाला की त्याची भोकं उघडतात, मिटतात. तुम्ही म्हणालात, भोकांच्या भिंती ताठ धर, हलतच नाहीत असं मान, गणित लवकर उरकेल."

"मशीन तरी केवढंसं होतं आपलं!"

"प्रयोगात भोकं मिटली. वायू कणभर शिरला नाही. आपला छापलेला पेपर मागे घ्यावा लागला, त्यावर पहिलं नाव माझं."

"मान म्हणून दिलं होतं गं."

"आणि यंदा तुम्हाला ज्यावर बक्षीस मिळालं, त्या पेपरात भिंती हलतात. गणित माझंच. माझी स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच आहे. नाव तेवढं कुठे नाही."

"राहून गेलं."

"आजोबा, चला आत," बाई म्हणाल्या. "फुंकताना चक्कर येते कधी कधी. काही झालं तर कुणाला बोलवायचं? कागदावर नाव लागतं."

सरांनी शेजारी पाहिलं. "हिचंच घाला."

"घाला," ती म्हणाली. "काही बिघडणार असलं की सरांना माझंच नाव आठवतं."