आजचा शब्द

हाडांच्या दवाखान्यात मुरगळलेला पाय सांभाळत बसलेल्या शिंपीकाकांनी कान टवकारले. शेजारी बहीणभाऊ बसले होते. भावाचा हात गळ्यात बांधलेला.

"पडलास कसा रे?"

"इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास, ताई."

"अभ्यासानं हात मोडतो?"

"क्लासच्या बाई म्हणतात, अवघड शब्द घोकायचा नाही, जगायचा. मोबाईलवर रोज एक येतो. सोमवारी आला ‘इन्सोलंट’. म्हणजे उद्धट. साहेबांशी तसंच बोललो."

"अरे देवा! नोकरी?"

"गेली. दुसऱ्या दिवशी ‘डेस्टिट्यूट’ आला, म्हणजे कंगाल. तो आयताच झाला."

"आणि हात?"

"काल ‘प्लमेट’. उंचावरून धाडकन कोसळणं. स्टुलावरून पडलो, पण नीट जमलं नाही. म्हणून परत चढलो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बायको काही बोलत नाही?"

"माहेरी गेली. म्हणाली, शब्द संपले की बोलवा."

"बरोबरच आहे तिचं. आज कुठला आलाय?"

"अजून बघितला नाही. घरी गेल्यावर निवांत बघतो."

"घरी नको, बाबा. इथंच बघ. डॉक्टर आत आहेत."

त्यानं मोबाईल काढला. शिंपीकाका लंगडत पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.