सरकारनं नेमलेली पाहुणी

आमचं मूळ तंजावरचं. किती पिढ्या झाल्या ठाऊक नाही, घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, असंच चालत आलं. तुम्ही पुण्याकडच्या, माझी मराठी ऐकून तुम्हाला हसू येईल, आम्ही विचारलं न म्हणता पुसलं म्हणतो, सगळं न म्हणता अस्क म्हणतो. हसा, मला राग नाही. माझं नाव अंबुजाबाई. आईच्या हातात शिवण होतं, ते माझ्या बोटांत आलं, आणि लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा एग्मोरच्या एका मुलींच्या शाळेत शिवणबाई म्हणून लागले. यजमान रेल्वेत कारकून. मूलबाळ नाही, ते जाऊ दे, ती वेगळी गोष्ट.

तर स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, आणि सरकारच्या मनात आलं की सरकारी संस्थांवर लोकांची नजर असावी, म्हणोन प्रत्येक संस्थेला गावातली चार माणसं व्हिजिटर म्हणून नेमायची. आमच्या हेडमिस्ट्रेसनं माझं नाव दिलं. खाकी लखोटा आला, यजमानांनी तो तीनदा वाचला, मग शेजारच्यांना वाचून दाखवला. मी पुसलं, यात माझं काम काय. ते बोलले, महिन्याला एकदा जायचं, पाहायचं, दिसेल ते वहीत लिहायचं, आता राज्य आपलं आहे, आपण पाहायचं नाही तर कोणी. काय सांगू तुम्हाला, मला ते खरं वाटलं. अगदी खरं वाटलं.

मला मिळाला तो निराधार बायकांचा आश्रम, अड्यारच्याही पुढे, बस सोडून बरंच चालायचं. तिथल्या सुपरिंटेंडंट बाई गोड बोलायच्या, मला टीचर म्हणायच्या, आधी कॉफी, मग अंगण, मग स्वयंपाकघर, मग ती व्हिजिटरची वही आणि पेन. बायका रांगेत उभ्या, अंगावर निळ्या काठाच्या साड्या, नीट, स्वच्छ. मी लिहिलं, अस्क ठीक.

पण मी शिवणबाई ना. डोळा आधी कापडावर जातो, त्याला मी काय करू. दुसऱ्या महिन्यात एका सुकलेल्या म्हातारीच्या साडीला काठाजवळ ठिगळ पाहिलं, काळ्या दोऱ्याचं, टाके उलटे घातलेले. तिसऱ्या महिन्यात तेच ठिगळ, तेच उलटे टाके, एका दांडग्या बाईच्या अंगावर. मग मी घड्या पाहिल्या. साऱ्या साड्यांवर ताज्या घड्या, कपाटातून आत्ताच काढल्यासारख्या, डांबराच्या गोळ्यांचा वास.

पुढच्या वेळी मी न कळवता गेले. दारावरच्या माणसानं अडवलं, आज तुमचा दिवस नाही म्हणून बोलला, मी खाकी लखोट्यातला कागद दाखवला आणि आत गेले. अंगणात चारच बायका, अंगावर चिंध्या. बाकीच्या कुठे म्हणून पुसलं. तायम्मा म्हणून एक होती, नवऱ्यानं टाकलेली, धुणं धुवायची, ती मान वर न करता बोलली, अम्मा, आत आहेत, दोघींत मिळून एक लुगडं आहे, एक बाहेर आली की दुसरी खोलीत बसते. चांगल्या साड्या कपाटात असतात, तुमच्यासाठी.

त्या दिवशी कॉफी नव्हती. सुपरिंटेंडंट बाई बाहेर गेल्या होत्या, मी कारकुनाकडून वही मागून घेतली आणि दीड पान लिहिलं. वहीत इंग्रजीत लिहायचं, एरवी मी घरी डिक्शनरी पाहून शब्द काढते, पण त्या दिवशी इंग्रजी आपोआप आलं. तायम्माचं नाव लिहिलं. का लिहिलं? पुरावा पाहिजे म्हणून लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं.

पुढच्या महिन्यात गेले तर माझ्या लिहिण्याखाली तांबड्या शाईत एक ओळ, पाहिले, साड्या पुरेशा आहेत. आणि तायम्मा नव्हती. कुठे म्हणून पुसलं तर शिस्तीसाठी दुसऱ्या आश्रमात पाठवली, दूर जिल्ह्यात. मी मंत्र्यांना पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं, पत्र योग्य त्या कारवाईसाठी संबंधितांकडे पाठवलं आहे. संबंधित म्हणजे कोण, त्याच सुपरिंटेंडंट बाई. मग चौकशीला एक साहेब आला, दिवस आधीच कळवून आला. साऱ्या बायका निळ्या काठात रांगेनं उभ्या, त्यानं पुसलं, कशाची कमी आहे का, साऱ्या बोलल्या, नाही. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. आम्हा चार व्हिजिटरांच्या कमिटीचे अध्यक्ष वकील होते, वयानं मोठे, वाईट माणूस नव्हे, ते मला बाजूला घेऊन बोलले, टीचरम्मा, आपण पाहुणे, पाहुण्यानं ओसरीवर बसावं, घरात डोकावू नये.

यजमानांच्या रेल्वे पासवर आम्ही दोघं त्या जिल्ह्याला गेलो. एक रात्र गाडी, मग बस. तायम्माला बाहेर आणलं. केस कापलेले, खूप वाळलेली. मी हात धरायला गेले तर हात मागे घेतला आणि वॉर्डनला ऐकू जाईल अशी बोलली, ह्या अम्माला मी ओळखत नाही. मग मी निघताना ती हळूच बोलली, जा अम्मा, इथून पुढे पाठवायला आणखी लांब जागा आहेत. राज्य आपलं आहे, हे वाक्य यजमानांनी पुन्हा कधी काढलं नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तायम्मा आहे की गेली, ठाऊक नाही, दोन पत्रं घातली, उत्तर नाही.

तुम्ही पुसाल, मग सोडलं का. सोडणार होते, राजीनाम्याचा कागद लिहून नेला होता. तर ती ठिगळाच्या साडीतली म्हातारी हळूच जवळ आली, बोलली, अम्मा, काही लिहू नका, पण येत जा, तुम्ही येता त्या दिवशी आमच्या अंगावर अख्खी साडी असते.

म्हणोन जाते. आधी कळवून जाते, कॉफी पिते, भेट दिली म्हणून लिहिते, सही करते. खाली तांबडी शाई येत नाही आता. सरकारही खूश, दर वेळी नेमणूक वाढवून देतं. मागच्या महिन्यात एक नवी पोर माझ्याजवळ येऊन काही सांगू लागली, मीच तिला गप्प केलं, नाव सांगू नको बोलले. गुडघे दुखतात, बसमधून उतरताना कोणीतरी हात द्यावा लागतो. असं चाललं आहे. तुमचे यजमान सेंट्रल गव्हर्नमेंटात, उद्या तुमच्याही नावाचा तसा कागद येईल. घ्या की घेऊ नका, मला सांगता येत नाही, बाई. तुम्ही मात्र सुखात असा.