ड्यूईच्या साच्यातली गोळी

—नाही, आणखी दारू मी देणार नाही. डबा खाली ठेव, एल्डन. आणि त्या शेगडीपासून लांब हो आधी—हातात बंदुकीच्या दारूचा डबा, पाठीमागे धगधगती शेगडी, आणि हा उभा आहे शेकत! तुझ्या आईला बिचारीला वाटत असेल, पोरगा मोठा झाला. मोठा कसला, उंच झाला नुसता. दारू म्हणजे काय मीठ आहे होय रे, कालवण अळणी लागलं की घाल आणखी चिमूटभर? मघाशी काय म्हणालास तू—‘मावशी, अस्वलावर झाडली, पोचलीच नाही, दारू कमी पडली, या खेपेला दुप्पट घालतो.’ दुप्पट! शी! दर मोसमात एक तरी दिवटा येतो या दुकानात, याच फळीवर कोपर टेकतो आणि हेच म्हणतो. जास्त दारू घातली म्हणून बारकी गोळी मोठी होते का रे? आवाज मोठा होतो, धूर मोठा होतो, खांदा सुजतो, आणि अस्वल जातं आपल्या वाटेनं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

ही चादर बघ. बघ, बघ, लाजू नकोस, लग्नातली आहे माझी. होबार्टनं एका हिवाळ्यात ती मागच्या अंगणात बर्फावर अंथरली, मला न विचारता, आणि बंदुकीची नळी तिच्यावरून रोखून प्रत्येक बारागणिक दारूचं माप थोडं थोडं वाढवत गेला. मी ओरडत बाहेर आले, तर म्हणतो, ‘ओर्लीना, थांब, बघ आता’—आणि झाडली. चादरभर काळे दाणे, जळलेच नव्हते. नळीत जेवढी मावते तेवढी सगळी जळते थोडीच? उरलेली बाहेर येऊन पडते. ‘आता इथून एक पायरी मागं यायचं,’ म्हणाला, ‘ते आपलं माप.’ डाग गेले नाहीत ते नाहीतच. नवऱ्याला तेव्हा चार शब्द सुनावले, आता त्याच चादरीच्या चकत्या कापते मी, अस्वलाची चरबी लावते आणि गोळीखाली घालायला गिऱ्हाइकांना देते. जाईल तितके दिवस जाईल.

आण ती बंदूक इकडे. नळी वर, नळी वर धर! माझ्या छातीवर काय रोखतोस? रिकामी आहे म्हणे. रिकाम्या बंदुकांनीच अर्धं कब्रस्तान भरलंय आपलं. ही ड्यूईची ना, तुझ्या बापाची? पंचेचाळीसची, बारक्या गोळीची. खारीला बरी, हरणाला चालेल, नेम असला तर. पण अस्वलाला? या दिवसांत? ओकची फळं खाऊन खाऊन आत्ता त्याच्या अंगावर हातभर चरबी असते, वरून ती केसांची गोधडी. त्याला चोपन्नची गोळी लागते, मऊ शिशाची, आणि बेताची दारू—या कुशीतून शिरली, फासळ्यांत चपटी झाली आणि त्या कुशीतून बाहेर पडली पाहिजे. दोन भोकं. दोन भोकं पडली की जनावर दहा ढांगांत बसतं आणि माणूस घरी जाऊन सुखानं झोपतो. ते दुसरं भोक नसेल ना, तर—जाऊ दे. गोळी दाखव. कसली लावली होतीस?

ही? नख लाव तिला. लाव की, नखाला काय मेंदी लावलीय? उमटलं काही? नाही ना. मऊ शिशाला नख लावलं तर लोण्याला लावल्यासारखं उमटतं. हे गाडीच्या चाकाला ठोकतात ना, त्या वजनांचं शिसं. चिवट, कडक. फुकट मिळतं म्हणून वितळवायचं. हिला अस्वलातून काढलं तरी गोल ती गोलच राह—

कुठल्या साच्यातली ही, एल्डन?

हो. ड्यूईच्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार? साचा तिरका बसतो तो, म्हणून कंबरेला अशी कड येते, केसाएवढी. ओळखते मी. बघितलीय मी एकदा. ते राहू दे.

आता मला नीट सांग, आणि पायाकडे बघून सांगू नकोस. कुठं झाडलीस? टर्कीपेन खिंडीत, बरं. सकाळी. उभं होतं की चालत? उभं, आडवं उभं. म्हणजे कुशीवर नेम. मग धूर झाला, धूर गेला, आणि? जाऊन बघितलंस, पानांवर रक्त नाही. एक थेंब नाही. म्हणून चुकली. म्हणून आलास इथं दारू मागायला. होय ना? बरं, एक सांग मला, बार झाल्यावर त्यानं काय केलं? पळालं, ते कळलं, पळणारच, तुझी आरती थोडीच करणार! पळायच्या आधी? आठव. धुरातून दिसलं असेल काहीतरी.

काय केलं म्हणालास?

वळून स्वतःलाच चावलं.

अरे देवा. अरे माणसा, आणि हे तू मला असं सांगतोस, गंमत सांगितल्यासारखी? चुकलेल्या गोळीला अस्वल स्वतःची कूस चावतं होय? माशी चावली असेल म्हणे—थंडीत, माशी! लागलीय त्याला. मागं लागलीय, पोटात, आणि आतच बसलीय. रक्त नाही दिसणार तुला, बाबा! त्या चरबीनं भोक बुजतं, लोण्यात बोट घालून काढल्यासारखं, आणि जे काय झिरपतं ते केस पिऊन टाकतात. हरणाचं रक्त शोधतोस तसं अस्वलाचं शोधायचं नसतं. हात आणि गुडघे टेकून जायचं, पानाखालची उलटलेली पानं बघायची, लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत बुंध्यांना चरबी पुसलीय का बघायची. एवढंही नाही शिकवलं तुला तुझ्या बापानं? कसं शिकवील! त्यानंही हेच केलं. याच फळीसमोर उभा राहून, डोक्यावर अशीच टोपी, ‘चुकली बघ, होबार्ट, दारू कमी पडली,’ आणि माझ्या साध्या भोळ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं मापून दिली त्याला. चांगली शीगभर. वर तंबाखूही दिली.

नाही. मी काही बोलले नाही. तू काही ऐकलं नाहीस.

असा बघू नकोस माझ्याकडे. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे होबार्टला अस्वलानं मारलं. झऱ्यावर गेला होता बादली घेऊन, हातात काठीसुद्धा नव्हती. ‘जनावर ते, त्याला काय कळतं,’ असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. दुसऱ्या दिवशी लोकांनी कुत्री घालून ते मारलं आणि इथं माझ्या अंगणात आणून टाकलं. सोललं मी. कुणाला हात लावू दिला नाही. काय वास, एल्डन! आयुष्यभर जनावरं सोलली मी, डुकरं सोलली, कधी ओकले नाही. त्या दिवशी कुंपणाला धरून ओकले. एक कूस सगळी सडलेली, हिरवी. किती दिवस ते तसं हिंडलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. आणि त्या घाणीत हात घातला तर बोटांना लागली ती—गोल गरगरीत, आत्ता साच्यातून काढल्यासारखी, कंबरेला केसाएवढी कड.

बस. बस त्या पिंपावर. पांढरा पडलायस.

सांगणार नव्हते. देवाला शब्द दिला होता मी. कफनात होबार्टचा चेहरा बघून दिला होता, की ड्यूईचं नाव या तोंडातून निघणार नाही. तो जिवंत होता तोवर नाही, मेल्यावरही नाही, त्याच्या बायकोपोरांसमोर तर नाहीच नाही. आणि पाळला. त्यानं होबार्टची कबर खणली, मी त्याला कॉफी दिली. तो माझ्यापेक्षा जास्त रडला. दर रविवारी पुढच्या बाकावर बसून रडायचा आणि सगळ्या बाया म्हणायच्या, बघा कसा देवभोळा माणूस! मला किळस यायची. त्याच्या रडण्याची नाही रे, रडू दे की, माणूस आहे. मला किळस येते ती एका गोष्टीची, आणि तुला आता कळलंच आहे तर तीही ऐक. ज्या शनिवारी तो इथं दारू न्यायला आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाय धुण्याचा रविवार होता, प्रार्थनाघरात एकमेकांचे पाय धुतात तो. बायका बायकांचे धुतात, पुरुष पुरुषांचे. माझ्या डोळ्यांसमोर ड्यूईनं कंबरेला टॉवेल बांधला, होबार्टपुढं गुडघ्यावर बसला, त्याचे पाय घंगाळात घेतले, धुतले, पुसले, उठून त्याला मिठी मारली. आणि तोंडातून एवढं निघालं नाही त्याच्या, की भावा, काल एका अस्वलावर झाडलीय, मला वाटतं लागलीय, झऱ्याकडे जपून जा. एवढंच! एवढं बोलायला काय लागतं? फार तर कुणी हसलं असतं त्याला. हसण्याला भ्याला, दुसरं काही नाही. तुम्ही पुरुष ना, अस्वलाला भीत नाही. शेजारी हसेल याला भिता.

घड्याळ बघ. किती झाले?

अरे, आज शनिवार. उद्या पाय धुण्याचा रविवार. प्रार्थनाघर झाडायला गेल्यात सगळ्याजणी, माझी लेक आयव्हली आहे त्यात, तुझी आईही असेल—आहे ना? आणि झाडून झालं की घंगाळं भरून ठेवतात. पाणी कुठून आणतात? कुठून आणतात, एल्डन? त्याच झऱ्यावरून. आणि पोटात लागलेलं जनावर कुठं जातं? पाण्याला जातं. टर्कीपेनच्या खालती दुसरं पाणी आहे कुठं?

ऊठ. ऊठ, रडायचं नाही, रडणं झालंय एकाचं सगळ्यांच्या वाटचं. ती पंचेचाळीस इथंच राहू दे. साचा आहे का खिशात? ठेव फळीवर. होबार्टची चोपन्न उतरव भिंतीवरून—हळू, हळू—तेल दिलेली आहे, दर महिन्याला देते मी. का देते, काय माहीत. हात पुढं कर. असा सपाट नको, पाणी प्यायला करतो तसा खोल. ही गोळी ठेवली तुझ्या तळव्यात. आता मी ओततेय, हलू नकोस—गोळी झाकली गेली, दिसेनाशी झाली की थांबायचं. झालं. हे अस्वलाचं माप. याच्याहून एक दाणा जास्त नको आणि एक दाणा कमी नको. ओत नळीत. ही चादरीची चकती, चरबीची बाजू खाली. गोळी ठेव. आता गज घे आणि दाब—एका दमात, ठोकू नकोस, दाब—त्या गजावर होबार्टनं चाकूनं रेघ पाडलीय बघ, ती नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. आली? मग गोळी दारूवर टेकली. रेघ वर राहिली तर नळी फुटते आणि मग तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू. ठिणगीची टोपी बाहेर जाऊन बंदुकीला चढव, दुकानात नाही. या दोन गोळ्या खिशात ठेव, आणि ही दारू, मोजून बांधलीय.

मी ट्रकनं सडकेवरून प्रार्थनाघराकडं जाते, बायकांना आत कोंडते. पाणी नको म्हणते, उद्या कोरडे पाय पुसू. तू वरून जा, जिथं ते वळून चावलं तिथून. माझी कुत्री घेऊन जा, म्हातारी आहे पण नाक शाबूत आहे तिचं. चरबीवर जाते ती, रक्तावर नाही. ती थांबली की तूही थांब. ती गुरगुरली की गुडघ्यावर बस, पळू नकोस, आणि पुढच्या पायाच्या मागं, खाली, तिथं गोळी झाड. झाडल्यावर जागचा न हलता आधी पुन्हा भर. तुझ्या बापाला हेच कधी जमलं नाही.

आणि वाटेत जो कोणी दिसेल त्याला सांग. ओरडून सांग—माझं अस्वल जखमी आहे, सांभाळा. माझं, असं म्हण. हसले तर हसू दे.

काय? नाही, ते आता नको. माफीबिफी माझ्याकडं नको मागूस, मला त्याचा कंटाळा आलाय, खरंच सांगते. उद्या कोणाच्या तरी पायाशी बसशील तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघता आलं, तर पुष्कळ झालं. कुत्री येईल, तुझ्यामागं येईल ती, तिला आवाज दिला की येते—बेल! जा गं, याच्याबरोबर जा.

जा म्हणते ना. आणि दार ओढून घे, ऊब जातेय सगळी.