नळीतला मगज

—हलू नका हो! हलाल तेवढे दात आत जातात, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? बघा, मनगटाचं हाड दिसायला लागलंय. आणि अडकलात तेही कुठे, स्वतःच ठोकलेल्या सापळ्यात, रानमांजरासाठी खोडावर डोक्याइतक्या उंचीवर लावलेल्या— म्हणजे पाय देऊन स्प्रिंगा दाबाव्या तर तेही नाही. ओरडून काय होणार? मामंजींचे गुडघे इथवर येत नाहीत, आणि सासूबाई म्हणतात, ‘येईल, जातो कुठे.’ खरंच आहे म्हणा, जाणार कुठे तुम्ही?

थांबा, सदरा वर करते. गार लागला चरबी मोजायचा चिमटा? सवय होईल. कातडीची घडी धरायची, आकडा वाचायचा— वा, दोन बोटं चरबी! खात्यापित्या घरचे शोभता. लग्नाला तीन महिने झाले, तेव्हापासून तुम्ही आणाल ते जनावर सोलून जंगलखात्याच्या वहीसाठी मोजतेय मी, आपलं माणूस मोजायचं राहूनच गेलं होतं. केसांवर जाऊ नकोस, थंडीत सगळीच गुबगुबीत दिसतात, बोट खुपसून बघ— हे तुमचंच वाक्य. आधी मागच्या पुठ्ठ्यावरची चरबी जाते, मग किडनीभोवतीची, आणि सगळं संपलं की शेवटी हाडाच्या नळीतला मगज. म्हणजे तुमच्याकडे अजून पुष्कळ आहे. काळजी नको.

तुमच्या सापळ्यातून आणलेल्या त्या रानमांजरीकडे नव्हतं. किडनीभोवती पुसायलासुद्धा चरबी नाही, म्हणून मांडीची नळी फोडली, तर पांढरा घट्ट मगज असायचा तिथून लाल चिकट पाणी ओघळलं माझ्या हातावर. पंजा अर्धा तिनेच चावून टाकलेला. आठ-दहा दिवस लोंबत होती ती— आणि जंगलखात्याच्या वहीत तुम्ही लिहिता, सापळे रोज पाहिले! मी वहीत मगजापुढे ‘लाल’ लिहिलं. दिसलं ते लिहिलं, दुसरं काय लिहिणार? तुम्ही ते खोडलंत, म्हणालात, पांढरा लिही. मी नाही म्हटलं. घरात फारसं बोलत नाही ना मी, म्हणून एकदम निघालं असेल तोंडातून. मग माझा उजवा हात तुम्ही शेडच्या चौकटीवर धरलात आणि दार लावलंत. दोनदा. पहिल्यांदा चुकून लागलं असेल असं सासूबाईंना मीच सांगितलं हो— पण दुसऱ्यांदा?

ही बघा बोटं. ही दोन तर वाकतच नाहीत, आणि हे मधलं, आतलं हाड हलतं ते ऐकू येतं मला. दोन्ही स्प्रिंगा एकाच वेळी दाबल्या तरच जबडा उघडतो, ते काम एका हाताचं नाही. काल करून पाहिलं ना मी—

काल? हो... आले होते. तुम्ही शुद्धीवर नव्हता. खोडावरून रक्त खाली उतरून बर्फात गोठलेलं. एका हाताने जमेना, म्हणून त्या झाडामागे जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत. मध्ये तुम्ही जागे झालात, आईला हाक मारलीत, मग मलाही मारलीत— पहिल्यांदाच एवढ्या प्रेमाने. हे सांगायचं नव्हतं मला. जाऊ दे.

असे बघू नका. आज विचार करून आलेय. तुमचा डावा मोकळा आहे, माझा डावा धड आहे— झाले की दोन! एक स्प्रिंग तुम्ही, एक मी, मी ‘हं’ म्हटलं की जोर लावायचा. त्याआधी फक्त एक. वही आणलीय पिशवीतून, खोडलेल्या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे, आणि डाव्या हाताने लिहायला मी शिकलेय. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. त्या मांजरीचा मगज कोणत्या रंगाचा होता?

हळू बोललात तरी चालेल. कान तुमच्या तोंडाशी आणते.

काय म्हणालात?

पांढरा?

बरं. येते मी.