आप्पांची छत्री आणि अकरा वर्षांचा अबोला

मंडळी, ऐका. आज आधी एक प्रश्न विचारतो. हात वर करू नका, उत्तर आपापल्या मनात ठेवा. एका छपराखाली राहणाऱ्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायला मध्ये तिसरा कशाला लागतो?

बघा! पुढच्या रांगेतले चार जण लगेच खाली बघायला लागले. वर बघा हो, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. घेणारही नाही — मला इथं अजून जेवायचंय!

आपण म्हणतो, भक्ती म्हणजे देवाशी बोलणं. बरोबर. पण घरात एका माणसाशी तोंड फिरवून बसायचं, आणि देवघरात जाऊन तास तास बोलायचं — त्या देवानं काय समजायचं? त्याला वाटेल, घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून माझ्याकडं आलाय!

तर वडजाई नावाचं गाव. त्या गावात भिवाजी आप्पा आणि गिरिजाबाई असं जोडपं. आप्पा अडुसष्ट वर्षांचे, बाई बासष्टच्या. घर पत्र्याचं नाही, चांगलं स्लॅबचं. दारात शेवगा. मुलगी शैला लग्न होऊन तालुक्याला. सगळं ठीक. फक्त एक गोष्ट — दोघं एकमेकांशी अकरा वर्षं बोलले नव्हते.

किती? अकरा वर्षं! मृदंगाचार्य हसतायत. हसू नका महाराज, तुमच्या घरचं मला माहीत आहे.

कारण काय? कारण शैलाचं लग्न. आपल्याकडं मांडवात माईकवरून नावं पुकारतात की नाही? अमुक पाव्हण्यांनी पुढं यावं, फेटा बांधून घ्यावा. माईक आप्पांच्या हातात. आप्पांनी सरपंचांना पुकारलं. सोसायटीच्या चेअरमनला पुकारलं. डेअरीच्या सचिवाला पुकारलं. मंडपवाल्यालासुद्धा फेटा बांधला! आणि राहिला कोण? नरसू! गिरिजाबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. नवरीचा मामा!

संध्याकाळी पाव्हणे गेले, आणि बाई एवढंच म्हणाल्या, "ज्या तोंडातनं माझ्या भावाचं नाव निघालं नाही, त्या तोंडानं माझ्याशी बोलायचं नाही."

आप्पा म्हणाले, "नाही बोलत."

झालं! दोघंही शब्दाचे पक्के. खरी गंमत तर पुढं आहे — नरसूमामाला हे आठवड्यानं कळलं. तो म्हणाला, "अगं ताई, मी पंक्तीत वाढत होतो. पुकारलं असतं तरी मला कुठं ऐकू येणार होतं?" पण बाईंनी ऐकलं होतं ना! जे पुकारलंच नाही, ते त्यांना अकरा वर्षं ऐकू येत होतं.

आता तुम्ही विचाराल, बुवा, मग संसार चालला कसा? टीव्हीवर चालला!

बाई स्वयंपाक करायच्या आणि टीव्हीत मालिकेतली सासू आली की तिला सांगायच्या, "अहो सासूबाई, जेवायला वाढलंय. ज्याला भूक असेल त्यानं यावं." आप्पा यायचे. एक घास खायचे आणि बातम्या सांगणाऱ्याला म्हणायचे, "साहेब, आमटीत मीठ राहिलंय." साहेब आपला दिल्लीचं सांगतोय, आणि इकडं मिठाची वाटी येतेय!

दवाखाना, लग्नाची आमंत्रणं, गॅस संपला, पाव्हणे येणार — सगळं टीव्हीला सांगायचं. एकदा आप्पांनी हवामान खात्याच्या बाईला सांगितलं, "मॅडम, उद्या मी कोल्हापूरला चाललोय, परवा येईन." त्या बाईनं पुढच्याच वाक्यात कोल्हापुरात मुसळधार सांगितला. गिरिजाबाईंनी गुपचूप पिशवीत छत्री ठेवली. म्हणजे प्रेम नव्हतं असं नाही हो! प्रेम होतं. फक्त ते टीव्हीमार्गे यायचं.

आणि मग एक दिवस हणमंत केबलवाला दारात आला. बिचारा भला माणूस. म्हणाला, "काकू, एक तारखेपासून केबल बंद करतोय. गावात सगळे मोबाईलवर बघतात, आता माझं काही भागत नाही. कोंबड्यांची शेड टाकतोय."

दोघांनी ऐकलं. दोघंही काही बोलले नाहीत. बोलणार कुणाशी?

एक तारीख उजाडली. पडदा काळा! मंडळी, त्या घरात जी शांतता पसरली ना — आप्पा कॅलेंडरशी बोलून बघायला लागले. कॅलेंडरवर गणपतीचं चित्र, आप्पांना लाज वाटली. बाई कुकरशी बोलायला लागल्या. कुकर तीन शिट्ट्या देतो आणि गप्प बसतो, त्याच्याशी किती बोलणार?

चौथ्या दिवशी आप्पांना ताप भरला. अंग नुसतं फणफणलेलं! आणि सांगायचं कुणाला? टीव्ही बंद. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मंडळी, इथं मात्र हसू नका. आपलं माणूस चार पावलांवर आहे, आपल्याला ताप आहे, आणि सांगायला वाट नाही. याच्यासारखं एकटेपण नाही. जंगलात बरं वाटेल, तिथं निदान कुणी नाही हे तरी ठाऊक असतं.

बाईंना कळलं नव्हतं का? चाळीस वर्षांचा संसार! कण्हण्याच्या आवाजावरनं किती ताप ते त्या सांगतील. त्यांनी गवती चहा, आलं, तुळस, मिरी घातली, काढा केला, आणि पेला नेऊन ठेवला कुठं? बंद टीव्हीसमोर! नैवेद्य दाखवावा तसा. आप्पा उठले, पेला उचलला, प्यायले, पालथा घातला. तीन दिवस टीव्हीला काढा चालू होता. चौथ्या दिवशी ताप उतरला.

त्या दिवशी बाई परसात जाऊन रडल्या. "ह्यांना काही झालं असतं तर?" असं शेवग्याला म्हणाल्या. आतून सगळं विरघळलं होतं हो. पण पहिला शब्द कोण बोलणार? अकरा वर्षांचा अबोला म्हणजे गंजलेली कडी. उघडायची असते दोघांना, हात कुणी लावत नाही.

टीव्ही बंद पडल्याचं शैलाला फोनवर समजलं. तिनं तालुक्याहून फ्री डिशची छत्री पाठवली, सोबत बसवणारा माणूस. छत्री एकदा बसवली की दरमहा काही भरायचं नाही, केबलवाला नको, कुणी नको! त्यानं स्लॅबवर छत्री ठोकली, खाली डबा जोडला, चित्र लावून दाखवलं, चहा घेऊन गेला. घरात पुन्हा आवाज! बाई आनंदानं बातम्यांना म्हणाल्या, "साहेब, भाकरी टाकते."

भाकरी तव्यावर, आणि वानरं आली!

शेवग्यावरनं उडी मारली ती थेट छत्रीवर. एक मोठं वानर तर आरामखुर्चीत बसावं तसं तिच्यात बसलं. छत्री फिरली. चित्र गेलं. आता तक्रार कुणाकडं करायची? ही मंडळी कुणाच्या सैन्यातली आहेत ते आपल्याला माहीत आहे! बसवणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, गुरुवारी येतो.

आप्पांनी शिडी लावली. आता छत्री जुळवायची म्हणजे माणसं दोन लागतात. एक वर फिरवणारा, एक खाली टीव्हीपुढं सांगणारा — आलं, गेलं, थोडं इकडं. इथं माणसं दोन होती, पण सांगायचं कसं? आप्पा वर गेले, छत्री फिरवली, खाली आले, पडद्यावर बघितलं. नाही. पुन्हा वर. पुन्हा खाली. दुपारचं ऊन, तापातून उठलेला माणूस! सात वेळा चढले, सात वेळा उतरले. बाई टीव्हीपुढं मुठी आवळून बसल्या होत्या. आठव्यांदा आप्पांचा पाय शिडीवर लटपटला, आणि खिडकीतून किंकाळी आली —

"अहो! पडाल!"

अहो! मंडळी, नवऱ्यासाठी तो शब्द अकरा वर्षांनी बाहेर पडला! आप्पा शिडीवर तसेच थांबले. दोन मिनिटं वर नाही, खाली नाही. मग हळूच वर चढले आणि वरून म्हणाले,

"अगं... आता इथनंच फिरवतो. तू सांग. आलं का?"

"नाही आलं!"

"आता?"

"सिग्नलची पट्टी हलतेय. थोडं शेवग्याकडं घ्या!"

"आता?"

आणि आलं! लख्ख चित्र, खणखणीत आवाज! बाईंनी पडद्याकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं. आणि ओरडून काय म्हणाल्या?

"नाही आलं!"

ऐका, ऐका! आप्पांना वर खिडकीतून बातम्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. कळलं त्यांना. त्यांनी छत्रीवरचा हात काढला, कठड्यावर बसले आणि म्हणाले, "बरं. अजून थोडं फिरवतो."

शेजारच्या कडूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, तुमचा टीव्ही तर आमच्यात ऐकू येतोय!" गिरिजाबाई म्हणाल्या, "तुमचाच असेल!" कडूबाईंकडं टीव्ही नव्हता.

"ताप गेला का?" खालून.

"गेला. काढा फार कडू होता."

"गूळ संपला होता. सांगणार कुणाला?"

आप्पा कठड्यावरनं उठून उभे राहिले. आळीतली बायामाणसं जमली होती, गिरणीतला माणूस पिठाच्या हातानं बाहेर आला होता. आप्पांनी सगळ्या आळीवर नजर टाकली आणि माईक नसताना, छाती फुटेल अशा आवाजात पुकारलं —

"नवरीचे मामा, नरसू पाटील! पुढं या! चुकलं माझं!"

नरसूमामा वीस किलोमीटरवर आपल्या गावात म्हैस धूत होता. तो कशाला येतोय! पण ज्या बाईला ऐकायचं होतं, तिनं ऐकलं. पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "आता उतरा खाली. भाकरी करपली."

बास. आख्यान एवढंच.

आता उद्या घरोघरी छत्र्या आणाल आणि म्हणाल, बुवांनी सांगितलं! मी तसलं काही सांगितलं नाही. मध्ये जे उभं होतं ते बंद पडलं, तेव्हा त्या दोघांना कळलं की हाक मारायला फक्त गळा लागतो. देवालाही तेवढाच लागतो. पण देव म्हणतो, माझी घाई नाही, मी थांबतो. तो शेजारी बसलेला माणूस किती दिवस थांबेल ते मला सांगता येत नाही.

या मांडवात दोन जण आहेत. एक त्या खांबाला टेकलाय, दुसरा मुद्दाम माझ्यामागं टाळ घेऊन उभा आहे, म्हणजे माझ्या आडोशानं तो खांबापाशी बसलेला दिसू नये. सख्खे भाऊ. मी नाव घेणार नाही म्हणालो, घेत नाही. आता आपण आरतीला उभे राहू. गर्दी होईल, धक्का लागेल. त्या गर्दीत एकानं दुसऱ्याला एवढंच म्हणायचं — "सरक जरा, मला पण दिसू दे." क्षमा नको, गळाभेट नको. तेवढे शब्द ऐकू आले की मी आरती सुरू करतो.

मी थांबलोय.