ठिपक्यांची कबुली

डोळ्यांच्या दवाखान्यात मांडीवरच्या बाळाला थोपटता थोपटता एका आईच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या दोघांचं बोलणं पडलं.

“बाई, तुमच्या प्रयोगशाळेत वर्षभर प्रयोगांना बसायचो ना, त्याची एक कबुली द्यायचीय. पडद्यावरचे ठिपके डावीकडे चाललेत की उजवीकडे, मला कित्येकदा कळायचंच नाही. मी आपलं ठोकून द्यायचो!”

“अहो काका, तेव्हा ते कुठेच जात नव्हते, मी मुद्दामच तसं ठेवलं होतं! काही कळत नसताना माणसाचा मेंदू ठरवतो कसं, हेच तर मी शोधत होते.”

“म्हणजे तुमचं काम मी बिघडवलं नाही?”

“बिघडवलं? त्या ठोकून दिलेल्या उत्तरांवर माझी सगळी कारकीर्द उभी राहिली. आभार मानायला किती वर्षं शोधतेय तुम्हाला!”

“आणि तुम्ही लांबून दिसलात, की मी रस्ता बदलायचो!”